ओठ शिवून झाल्यावर: दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्यांच्या जगण्याचा दर्जा

दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेची माहिती देणाऱ्या बहुतेक फलकांवर एकाच बाळाची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापलेली असतात. पहिल्यात वरचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला दिसतो, दुसऱ्यात तो जुळलेला असतो आणि बाळ हसत असते. ही छायाचित्रे खरी असतात आणि ती पाहून कितीतरी आईवडिलांनी घाबरणे सोडून दवाखान्याचा रस्ता धरला आहे. मात्र छायाचित्रातून आवाज ऐकू येत नाही. ते बाळ चार वर्षांचे झाल्यावर त्याचे बोलणे अंगणवाडीतल्या ताईंना कळते का, त्याला नीट ऐकू येते का, आठव्या-नवव्या वर्षी समोरचे दात कसे आले, आणि सोळाव्या वर्षी वर्गात उभे राहून उत्तर द्यायला ते मूल तयार होते का, हे सगळे त्या दुसऱ्या छायाचित्राच्या नंतर घडते. आपल्याकडे शस्त्रक्रियेविषयी पुष्कळ लिहिले जाते. नंतरच्या वीस वर्षांविषयी फार कमी, आणि म्हणून या लेखाचा भर त्या वर्षांवर आहे.

जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. हे प्रमाण भारतातल्या वार्षिक जन्मांना लावले, तर दरवर्षी तीस हजारांहून अधिक बाळे अशी जन्मतात. ही संख्या पाहता याला दुर्मीळ म्हणता येणार नाही. तरीही प्रत्येक घराला हे आपल्याच वाट्याला आले असे वाटते, कारण ज्यांच्याकडे पूर्वी असे मूल जन्मले ते त्याविषयी बोलत नाहीत.

हे होते कसे, ते समजून घेतले की बरीच भीती कमी होते. गर्भाचा चेहरा एकसंध तयार होत नाही. कपाळाच्या बाजूने आणि दोन्ही गालांच्या बाजूंनी उंचवटे वाढत येतात आणि एकमेकांना जोडले जातात. वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात असा सांधला जातो. आपल्या सगळ्यांच्या वरच्या ओठावर नाकाखाली दोन बारीक उभ्या कडा असतात, त्या साधारण याच सांध्यांच्या जागी असतात. टाळूचे काम थोडे नंतर, बाराव्या आठवड्यापर्यंत चालते. सुरुवातीला टाळूचे दोन भाग जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. मग जीभ खाली सरकते, ते दोन्ही भाग वर उचलले जाऊन आडवे होतात आणि पुढून मागे असे चेन लावल्यासारखे जुळत जातात. हे जुळणे जिथे थांबते तिथून मागे फट राहते. त्यामुळे एखाद्या बाळाची फट ओठापासून पडजिभेपर्यंत जाते, तर एखाद्याची फक्त मागच्या मऊ टाळूला असते आणि बाहेरून चेहरा अगदी नेहमीसारखा दिसतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९७५ मध्ये या प्रकारांचे एक सोपे वर्गीकरण मांडले. पहिल्या गटात फक्त ओठ, दुसऱ्यात फक्त टाळू आणि तिसऱ्यात दोन्ही, अशी त्याची मांडणी आहे आणि भारतीय शल्यचिकित्सक ते आजही नागपूर वर्गीकरण म्हणून ओळखतात.

इथे मराठीपुरती एक अडचण सांगायला हवी. बाळाच्या डोक्यावरचा मऊ भाग, ज्यावर आजी तेल थापते, तीही टाळू आणि तोंडाचे छत तीही टाळूच. ‘बाळाची टाळू जुळलेली नाही’ असे डॉक्टरांनी सांगितले की डोक्यावरची टाळू वर्ष-दीड वर्षात आपोआप भरते हे ठाऊक असलेल्या घराला वाटते, थांबले तरी चालेल. तोंडातली टाळू आपोआप भरत नाही. म्हणून सांगणाऱ्याने दरवेळी ‘तोंडातली टाळू’ असे स्पष्ट म्हणावे.

कारणांविषयी अजून बराच अभ्यास चालू आहे, पण मुख्य गोष्ट स्पष्ट आहे: अनेक जनुकांचा एकत्रित कल आणि त्याला गर्भारपणाच्या पहिल्या आठवड्यांतील परिस्थितीची जोड, असे बहुतेकदा घडते. धूम्रपान, मद्यपान, गर्भारपणाआधीपासून असलेला मधुमेह आणि अपस्मारावरची काही औषधे, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट, यांमुळे धोका वाढतो. ज्या बाईला अपस्मार आहे तिने मात्र घाबरून औषध स्वतःहून बंद करू नये. गर्भधारणेचा विचार सुरू होतानाच डॉक्टरांकडून ते बदलून घ्यावे. काही बाळांमध्ये फट ही एखाद्या मोठ्या जनुकीय स्थितीचा भाग असते. फक्त टाळू दुभंगलेल्या बाळांमध्ये हे अधिक आढळते, म्हणून त्यांचे हृदय, डोळे आणि जबडा नीट तपासतात.

ग्रहणाविषयी मात्र ठामपणे लिहिणे गरजेचे आहे. ‘ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ चिरला’ हे वाक्य महाराष्ट्रात गावात आणि शहरात, शिकलेल्या घरांतही ऐकू येते. ओठ सांधला जातो त्या आठवड्यांत अनेक बायकांना आपण गरोदर असल्याचे नुकते कुठे कळलेले असते, आणि जगातल्या ज्या देशांत ग्रहण कोणी पाळत नाही तिथेही अशी बाळे जन्मतात. या समजुतीने बाळाचे काही बिघडत नाही, पण आईचे फार बिघडते. बाळंतिणीला ज्या दिवसांत सर्वांत जास्त आधार हवा असतो, त्याच दिवसांत तिला आरोपीसारखे बसवले जाते. अपराधी वाटणारी आई मूल झाकून ठेवते, बारसे लांबवते, दवाखान्यात उशिरा जाते. मुलाच्या जगण्याच्या दर्जाचा हिशोब इथूनच सुरू होतो.

पहिला प्रश्न दुधाचा असतो. फक्त ओठ दुभंगलेले बाळ बहुधा अंगावर पिऊ शकते. टाळू दुभंगलेल्या बाळाला ते जमत नाही, कारण चोखण्यासाठी तोंडात हवेची पोकळी धरावी लागते आणि फटीतून हवा निसटते. बाळ तासभर छातीशी राहते, दमते आणि उपाशीच झोपते. दूध नाकावाटे येते आणि घरचे घाबरतात. अशा बाळाला आईचे दूध काढून वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा दाबता येईल अशा मऊ बाटलीने पाजावे, पाजताना आडवे न धरता बसते धरावे आणि मध्ये मध्ये ढेकर काढावा. आपल्या आज्यांनी जपलेले बोंडले इथे खरोखर उपयोगी पडते, मात्र ते प्रत्येक वेळी उकळून घेतले पाहिजे. नाकातून थोडे दूध आले तर ते पुसून पुढे पाजावे. ठसका लागत असेल, श्वास अडखळत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. खालचा जबडा फार लहान असलेल्या बाळाची जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. त्याला कसे निजवायचे हे रुग्णालयातून निघण्याआधीच शिकून घ्यावे.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांच्या सुमारास होते. दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो वजन आणि दहा ग्रॅम हिमोग्लोबिन, हा भूल देण्यासाठीचा जुना नियम अजूनही अनेक ठिकाणी पाळला जातो, म्हणून आधीचे तीन महिने वजनाची वही सांभाळणे हाच उपचार असतो. टाळूची शस्त्रक्रिया बहुधा नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. ती केव्हा करावी याविषयी मोठा वाद होता. २०२३ मध्ये युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील केंद्रांनी मिळून केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फक्त टाळू दुभंगलेल्या, अन्यथा निरोगी अशा ५५८ बाळांपैकी काहींची शस्त्रक्रिया सहाव्या आणि काहींची बाराव्या महिन्यात झाली होती. पाचव्या वर्षी तपासले तेव्हा बोलताना मऊ टाळूने नाकाकडचा मार्ग नीट बंद न करण्याचा दोष पहिल्या गटात ८.९ टक्के आणि दुसऱ्या गटात १५ टक्के मुलांत आढळला. याचा अर्थ प्रत्येक बाळाला सहाव्या महिन्यात न्यावे असा होत नाही, कारण ती केंद्रे सुसज्ज होती आणि आपल्याकडे अनेक बाळांचे वजन व हिमोग्लोबिन तोवर पुरेसे झालेले नसते. त्यातून एवढे मात्र पक्के होते की बोलणे सुरू होण्याआधी टाळू जुळलेली असणे मोलाचे आहे. ‘मूल जरा मोठे झाले की बघू’ हा सल्ला म्हणूनच महाग पडतो.

आता बोलण्याकडे वळू, कारण माझ्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे. नाक चिमटीत धरून ‘बाबा’ म्हणून पाहा. आवाजात फरक पडत नाही. तसेच नाक धरून ‘मामा’ म्हणा, आवाज अडकतो. ‘म’, ‘न’, ‘ण’ या वर्णांसाठी हवा नाकातून जावी लागते. इतर बहुतेक वर्णांसाठी मऊ टाळू मागे-वर उचलली जाऊन नाकाकडचे दार बंद करते आणि तोंडात दाब तयार होतो. ‘प’, ‘ब’, ‘ट’, ‘क’, ‘च’, ‘स’ हे त्या दाबावर चालतात. टाळूला फट असेल, किंवा शिवलेली टाळू आखूड आणि ताठ राहिली असेल, तर हे दार मिटत नाही. मग ‘बाबा’ म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडून ‘मामा’ ऐकू येते, ‘स’ म्हणताना नाकातून फुसकारा येतो. आपण याला गेंगाणे बोलणे म्हणतो आणि हा शब्द मुलाच्या कानावर फार लवकर पडतो.

याहून अवघड गोष्ट पुढची आहे. मूल हुशार असते. तोंडात दाब तयार होत नाही हे उमगल्यावर ते तो दाब घशात तयार करायला शिकते. ‘क’ किंवा ‘ट’ ऐवजी घशातून एक लहानसा झटका येतो. ही सवय एकदा पक्की झाली की नंतर टाळू उत्तम जुळवली तरी ती सुटत नाही, कारण शस्त्रक्रियेने दार दुरुस्त होते, शिकलेले बोलणे आपोआप बदलत नाही. त्यासाठी स्पीच थेरपी लागते आणि ती लहान वयात, नियमित, घरी सराव करून लागते. शिट्ट्या, फुगे आणि पिपाण्या फुंकून बोलणे सुधारते असे अनेक पालकांना सांगितले जाते. त्याचा खेळ म्हणून आनंद घ्यावा, पण उच्चार उच्चारांच्याच सरावाने सुधारतात. ‘बाबा बाळाला बघ’ यासारखे, एकही नाकातला वर्ण नसलेले वाक्य म्हणताना नाकाखाली थंड आरसा धरला आणि त्यावर वाफ जमली, तर हवा कुठून निसटते हे आईलाही दिसते. थेरपी चांगली होऊनही आवाज नाकातूनच येत राहिला, तर टाळूवर किंवा घशावर दुसरी शस्त्रक्रिया करता येते. ती गरज काही मुलांना पडतेच आणि त्यात पहिल्या शस्त्रक्रियेचे अपयश मानण्याचे कारण नाही.

थेरपी मुलाच्या घरच्या बोलीत व्हायला हवी, हेही इथेच सांगायला हवे. अहिराणी बोलणारे मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते, तेव्हा तो दोष नाही, ती त्याची भाषा आहे. तपासणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर मुलाची चूक नसलेली गोष्ट दुरुस्त करण्यात महिने जातात. प्रशिक्षित थेरपिस्ट मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पण नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाने दर आठवड्याला एसटीने तिथे यावे अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. व्हिडिओ कॉलवरून थेरपी आणि मध्ये एखादी प्रत्यक्ष भेट हा मार्ग आता शक्य आहे. पालकांनी तो मागून घ्यावा.

बोलण्याआधी ऐकणे येते. मऊ टाळूचे स्नायू कानाच्या मधल्या भागाकडे जाणारी नळीही उघडतात. ते नीट काम करत नसल्याने टाळू दुभंगलेल्या बहुतेक बाळांच्या कानात पडद्यामागे चिकट द्रव साचतो. कान दुखत नाही, वाहतही नाही, फक्त ऐकू कमी येते. मूल लक्ष देत नाही, हट्टी आहे, अभ्यासात मंद आहे, असे शेरे मग त्याला मिळतात. कानाची तपासणी वेळोवेळी केली आणि गरज पडल्यास पडद्यात ग्रोमेट नावाची छोटी नळी बसवली, तर ही गोष्ट बरीचशी सुटते.

दातांचा भाग मी थोडक्यात सांगतो. फट हिरडीतून गेली असेल तर तिथले हाड अपुरे असते. साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा येण्याआधी, कमरेच्या हाडातून थोडे हाड घेऊन ती जागा भरतात. पुढे तारा लावतात. काहींचा वरचा जबडा मागे राहतो आणि वाढ पूर्ण झाल्यावर, सतरा-अठराव्या वर्षी, तो पुढे आणावा लागतो.

एवढा सगळा प्रवास मुलाने केल्यावर त्याचे आयुष्य कसे आहे, हे ठरवायचे कोणी? ‘जीवनमान’ हा शब्द आपण घर, मिळकत आणि सोयींसाठी वापरतो. इथे मला जगण्याचा दर्जा म्हणायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा आशय असा आहे की, आपण ज्या संस्कृतीत आणि मूल्यांत राहतो त्यांच्या संदर्भात आणि आपल्या स्वतःच्या अपेक्षा व काळज्यांच्या तुलनेत माणसाला आपले स्थान कसे वाटते, तो त्याच्या जगण्याचा दर्जा. म्हणजे हे मोजमाप मूल स्वतःच करू शकते. शल्यचिकित्सक ओठाची सरळ रेषा पाहतात, आई फोटोतले हसू पाहते आणि मुलाला वेगळेच काहीतरी खुपत असते.

यासाठी कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने क्लेफ्ट-क्यू नावाची प्रश्नावली तयार झाली. तिच्यातले प्रश्न ठरवण्यासाठी आधी भारतासह सहा देशांतील रुग्णांशी प्रत्यक्ष बोलण्यात आले, आणि पुढे १२ देशांतील ३० केंद्रांत ८ ते २९ वर्षे वयाच्या २,४३४ जणांकडून ती भरून घेण्यात आली. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात चेहरा, नाक, नाकपुड्या, ओठ, ओठावरचा व्रण, दात आणि जबडा यांविषयी प्रश्न आहेत. बोलण्याविषयी आणि बोलताना होणाऱ्या मनस्तापाविषयी वेगवेगळे आहेत. आणि शाळा, मित्र व मन यांविषयीही आहेत. बोलणे आणि बोलण्याचा मनस्ताप वेगळा धरणे मला फार शहाणपणाचे वाटते. एखाद्या मुलाचे उच्चार जवळजवळ स्वच्छ असतात, तरी फोनवर बोलायची वेळ आली की तो फोन भावाकडे देतो. दुसऱ्याचे बोलणे अजून अवघड असते, पण तो गल्लीतल्या क्रिकेटमध्ये सगळ्यांवर ओरडत असतो. व्यंगाच्या तीव्रतेवरून सुखाचा अंदाज बांधता येत नाही, हे या विषयातल्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. घरचा स्वीकार, मित्र, चिडवले जाणे आणि शिक्षकांचे वागणे यांचा वाटा मोठा असतो.

किशोरवय सर्वांत कठीण. चेहरा वाढतो तसे नाक वाकडे दिसू लागते, दातांवर तारा असतात, आवाज फुटतो, आणि याच वयात उपचारांचा निर्णय अजूनही मोठी माणसे परस्पर घेतात. काही मुलांना नाकाची शस्त्रक्रिया हवी असते आणि घरचे म्हणतात, ‘चांगला तर दिसतोस.’ काहींना ती नको असते आणि घरचे, विशेषतः मुलगी असेल तर, लग्नाचे कारण सांगून आग्रह धरतात. दोन्ही वेळा आधी त्या मुलाला किंवा मुलीला एकटे बसवून विचारले पाहिजे. शाळेतही मोठ्या योजना लागत नाहीत: शिक्षकांनी वर्गात उच्चारांची नक्कल खपवून घेऊ नये, तोंडी परीक्षेत थोडा जादा वेळ द्यावा, कान अधू असेल तर पुढच्या बाकावर बसवावे आणि प्रार्थना म्हणायची किंवा भाषण करायची संधी त्या मुलापासून परस्पर काढून घेऊ नये.

सरकारी पातळीवर एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करून पुढे मोफत उपचारांना पाठवण्याच्या या योजनेतील ठरावीक स्थितींमध्ये दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. तपासणीत आढळलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. अनेक स्वयंसेवी संस्थाही शस्त्रक्रिया मोफत करून देतात. शस्त्रक्रियेचा खर्च हा आज बहुतेक कुटुंबांपुढचा सर्वांत मोठा अडथळा उरलेला नाही; बुडालेली रोजंदारी, प्रवास आणि पंधरा-अठरा वर्षे पुन्हा पुन्हा येण्याची चिकाटी हे आहेत. म्हणून मोफत शस्त्रक्रिया करणाऱ्या कोणत्याही केंद्राला पालकांनी आधीच विचारावे: इथे स्पीच थेरपिस्ट आहेत का, कान कोण तपासेल, आणि नवव्या वर्षी आम्ही कोणाकडे यायचे?

ही मुले मोठी होतात, नोकऱ्या करतात, संसार करतात, आणि मग त्यांचा स्वतःचा प्रश्न येतो: आमच्या बाळाला होईल का? आईवडिलांपैकी एकाला हे व्यंग असेल, किंवा आधीच्या एका मुलाला असेल, आणि त्यामागे कोणती मोठी जनुकीय स्थिती नसेल, तर शक्यता साधारण १०० मध्ये ३ ते ५ असते. म्हणजे १०० पैकी ९५ ते ९७ वेळा बाळाला हे व्यंग नसते. ज्यांच्या घरात अनेकांना हे आहे त्यांनी जनुकीय सल्ला घ्यावा. गर्भारपणात १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत दुभंगलेला ओठ बहुधा दिसतो. तो दिसला तर पुढच्या चार-पाच महिन्यांत शल्यचिकित्सकांना भेटता येते, पाजण्याची तयारी करता येते आणि आजी-आजोबांना आधीच समजावता येते. फक्त टाळूला असलेली फट मात्र सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, आणि बाहेरून चेहरा पाहूनही कळत नाही. ती बोटाने चाचपूनही निसटू शकते. त्यासाठी बाळ जन्मल्यावर पहिल्याच दिवशी त्याची जीभ हळूच दाबून, टॉर्चच्या उजेडात, पडजिभेपर्यंत पाहावे लागते.